पडला एक साग, कागदावर चौदा

लाकूडवाल्याने फसवलं म्हटलं की लोक विचारतात, "मापात मारलं का?" मापात मारलंच, पण ती चिल्लर होती. त्याला माझा साग नकोच होता, माझा सातबारा हवा होता. हे कळायला मला सात महिने लागले. मी 32 वर्षं हिशेबाच्या कामात काढली आहेत, म्हणून लाज जरा जास्तच वाटते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्या दुपारी परड्यातला साग मुळासकट उलथला. आजोबांच्या वेळचं झाड. जाताना गोठ्याची पडवी घेऊन गेला. नारळ-पोफळी आडव्या, घरावर कौलं नाहीत, वीज नाही, फोन लागत नाही. अशा वेळी एक माणूस दारात येऊन म्हणतो, "काका, तोडणी, परवाना, गाडी, सगळं माझ्याकडे लागलं." तुम्हीही त्याला चहा पाजला असता.

साग स्वतःच्या जागेतला असो, वाऱ्याने पडलेला असो, लाकूड बाहेर न्यायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. त्या खेपा घालायचा आपल्याला कंटाळा, आणि या लोकांचं पोट त्या कंटाळ्यावर चालतं. खेपा स्वतः घाला. दहा घाला.

आता माप. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. या रीतीत गोल लाकडाचा एक पंचमांशाहून जास्त भाग असाच सुटतो, पण ते धंद्यात सगळ्यांनी धरलेलं असतं. माझे ओंडके तीन: 12 फूट लांब, घेर 8 फूट; 10 फूट लांब, घेर 6; आणि 8 फूट लांब, घेर 4. म्हणजे 48, साडेबावीस आणि 8, मिळून साडेअठ्ठ्याहत्तर घनफूट. त्याने टेप गुंडाळली शेंड्याकडच्या बारीक टोकाला. 8 चे 7 झाले, 6 चे 5. तिसरा ओंडका "हा जळाऊमध्ये जाईल" म्हणून पायाने बाजूला लोटला. (गाडीत मात्र तोच सगळ्यात आधी चढला.) हिशेब आला 52 घनफूट, दर 1,800, एकूण 93,600 रुपये. खरे होत होते 1,41,300. घेरात एक फूट गेला की मोठ्या ओंडक्यातलं सव्वाअकरा घनफूट लाकूड जातं. टेप आपली ठेवा, आणि ती आपल्याच हातात ठेवा.

हे मला कळलं नव्हतं असं नाही. त्याच रात्री मेणबत्ती लावून मी आकडेमोड केली होती. गप्प बसलो. म्हटलं, पाऊस लागलाय, लाकूड कुजून जाईल. सागाला एका पावसाळ्यात काही होत नाही, हे कोकणातल्या पोराला माहीत असतं. मला माहीत नव्हतं काय?

पण खरी जागा ती नव्हेच. खरी जागा म्हणजे ओटीवरची ती पाच मिनिटं. त्याने अर्ज पुढे केला. त्यात "झाडांची संख्या" असा रकाना होता, कोरा. मी त्यावर बोट ठेवलं. होय, ठेवलं! विचारलं, "हे?" तो म्हणाला, "एकच ना काका? मी ऑफिसात भरतो, तिथलं पेन वेगळं लागतं." तिथलं पेन वेगळं लागतं. आजही आंघोळ करताना हे वाक्य आठवतं आणि तांब्या आपटावासा वाटतो. मी सही केली. तीन ठिकाणी.

त्याने इसार दिला 15,000. माझ्याकडून करवतवाले आणि क्रेनचे 11,500 आणि परवान्याच्या "खर्चाचे" 7,000 घेतले, हिशेबात वळते करू म्हणून. म्हणजे झाड देऊन वर 3,500 मीच दिले. 26 जुलैला गाडी भरली आणि 78,600 चा चेक हातात ठेवला. "दसरा झाला की टाका, काका." दसरा होता 25 ऑक्टोबरला. 28 ला बँकेत गेलो, तर खिडकीतली मुलगी म्हणाली, तीन महिने उलटून गेले, हा चालणार नाही. चेक वटला नाही तर निदान नोटीस पाठवता येते. शिळ्या चेकवर तेही नाही. कुणी सणाचा मुहूर्त दिला की आधी चेकवरच्या तारखेपासून महिने मोजा.

जानेवारीत वनरक्षक आला आणि म्हणाला, "बाकीचे तेरा बुडखे दाखवा." माझ्या नावावर 14 सागांची परवानगी निघाली होती. कुठल्या तरी डोंगरातलं चोरीचं लाकूड माझ्या सातबाऱ्यावर पांढरं होऊन वखारीत गेलं होतं.

मग ऑफिसं सुरू झाली. वनखात्याचे साहेब म्हणाले, कागद बरोबर आहेत, सही तुमचीच. अहो, पण माझ्या परड्यात चौदा साग मावतात का? चौदा केळी मावत नाहीत! माहिती अधिकारात अर्ज टाकला, फी 10 रुपये. उत्तर 30 दिवसांत द्यायचं, ते 52 व्या दिवशी आलं. 23 पानं, 46 रुपये. त्यात पाहणी अहवाल: "समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली." कुणी केली? माझ्या दारात तेव्हा कुत्रंसुद्धा आलं नाही. हे दाखवायला गेलो तर साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला साहेबांची बदली. तलाठी म्हणे, आमचं काम सातबारा देण्यापुरतं. माझी वारसनोंद व्हायला दोन वर्षं लागली आणि ही चौदा झाडांची फाईल लॉकडाऊनमध्ये पाच आठवड्यांत पळाली, याचं कुणालाच नवल नाही. जाबजबाब मात्र मी द्यायचा, कारण चोर सापडत नाही आणि मी पत्त्यावर असतो.

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं, मग "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." मी आवाज चढवला. तसे हवालदारांनी कागद ओढून घेतले, सावकाश वाचले आणि संमतीपत्रावर पेन टेकवलं. "हे दुसरे हिस्सेदार मुंबईला असतात ना? मग लॉकडाऊनमध्ये सही करायला आले कसे?"

दादाची सही मीच केली होती. चुलतभाऊच आहे, फोन लागत नव्हता, आणि त्याने नाही म्हटलंच नसतं. पिशवीत कागद भरले आणि घरी आलो.

दादाचा परवा फोन आला होता. नव्या ब्लॉकच्या दाराला त्या सागाची चौकट करायची म्हणतो. माप पाठवलंय, साडेतीन बाय सात.