स्पोर्ट एडिशन म्हणे! नुसते पट्टे
जालना रोडवरच्या एका शोरूमला रविवारी जाऊन आलो, बाहेर चेकर्ड झेंडे, आत टीव्हीवर रेसिंग धडधड चालू अन् गाडी बघतो तर लाल शिलाईचे सीट, मागं पंखासारखा काळा स्पॉयलर, दारावर पट्टे, बास. इंजिन तेच, सस्पेन्शन तेच. सेल्सवाल्याला म्हणलं भाऊ तुमची कंपनी कोणत्या रॅलीत पळते, तर म्हणे सर एक्स्चेंज बोनस चालूय! पट्ट्याचा कोपरा नखानं उचलला तर निघायलाच लागला की. स्कोडाच्या गाड्यांवरच्या आरएसचा अर्थ तरी रॅली स्पोर्ट आहे अन् त्यांची फॅबिया गाडी खरंच रॅलीत पळते, फोक्सवॅगननं २०१० ला भारतात पोलो कप ही पोलो गाड्यांची रेस भरवली, तसं काहीतरी करून मग झेंडे लावा ना. दोन स्टार, त्यातला एक चहाचा.