लोरां की कॉन्स्टेबल: आधी प्रतिकृती कोणाची?

निवांत, सुखी खेडं रंगवायला शिकताना आधी फ्रेंच निसर्गचित्रकार क्लोद लोरांच्या (मृत्यू १६८२) चित्राची प्रतिकृती करावी की इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या (१७७६–१८३७)?

मांडणीत लोरां सोपा. कडेला गडद झाड, मध्ये पाणी, मागे फिकट होत जाणारे डोंगर. हा साचा लवकर हाती बसतो. कॉन्स्टेबलने ‘द हे वेन’ या चित्रासाठी (१८२१) आधी पूर्ण आकाराचा तैलरंगी कच्चा आराखडा केला होता, यावरून कष्टांचा अंदाज यावा.

खरी कसोटी प्रकाशात. लोरांचा क्षितिजाजवळचा सूर्य पातळ थरांतून उजळतो. खालचा थर ओला असताना वरचा दिला की रंग मातकट होतो, म्हणून घाई चालत नाही. कॉन्स्टेबलचा ओलसर उजेड पांढऱ्या ठिपक्यांतून येतो. ते जास्त झाले की पानांवर बर्फ पडल्यासारखं दिसतं. ठिपके शेवटी द्या, तेही उजेडाच्या बाजूलाच.

लोरांचे गुराखी बहुधा निवांत असतात. कॉन्स्टेबलची माणसं राबतात, पण त्यांचा घाम दिसत नाही. त्यामुळे त्याला निव्वळ वास्तववादी म्हणणं मला पटत नाही.

अंतर आणि संध्याकाळची शांतता साधायची असेल तर लोरां घ्या. ढग, ओली पानं आणि हलतं पाणी हवं असेल, तर कॉन्स्टेबल.