दोन दिवसांत सांधे मोकळे करणारी पांढरी पुडी

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या बाजाराच्या गावात एक माणूस गाळा भाड्यानं घेऊन बसायचा. सांधेदुखीवर 'शंभर टक्के आयुर्वेदिक' पुड्या द्यायचा. त्याचं नाव लिहून उपयोग नाही. हे लोक नाव बदलतात, गाव बदलतात, पद्धत मात्र तीच ठेवतात, म्हणून पद्धतच सांगतो.

आईला आमवात. सकाळी उठलं की बोटं धरलेली, पितळेचा तांब्यासुद्धा उचलवत नाही. मेथोट्रेक्सेटची गोळी चालू होती, आठवड्यातून एकदाच घ्यायची आणि मधूनमधून रक्त तपासायचं. या गोळीचा गुण यायला दीड-दोन महिने तरी जातात. कापूस वेचणीच्या तोंडावर एवढा धीर कोण धरतंय? बाजारात भेटलेल्या एका बाईनं आईला या वैद्याचा पत्ता दिला.

त्यानं नाडी धरली, जीभ बघितली आणि निदान सांगितलं: "इंग्रजी गोळ्यांची उष्णता रक्तात उतरलीय." त्या गोळ्या बंद करायच्या ही पहिली अट. मग वांगं, दही, चिंच, हरभऱ्याची डाळ वर्ज्य. पथ्य सांगितलं की आपल्याकडच्या माणसाला वैद्य खरा वाटतो, हे त्याला चांगलं ठाऊक. महिन्याचे दीड हजार रोख, पावती नाही.

पुड्या दोन प्रकारच्या. वर्तमानपत्राच्या कागदात तपकिरी चूर्ण, त्याला सुंठेचा आणि ओव्याचा वास. दुसरी बटर पेपरात, चिमूटभर पांढरी पूड, सकाळी काही खाल्ल्यावर मधातून घ्यायची. 'मोत्याचं भस्म' म्हणे. वास नाही, पण जिभेवर ठेवली की कडू. आई त्यावर मध जास्त घ्यायची.

दोन दिवसांत सूज उतरली. "लई गुण आला बघ बाळा, बोटं वळायलीत," म्हणत आईनं स्वतः भाकऱ्या थापल्या. पुढं भूक वाढली, गाल भरले, चेहरा गोल झाला. शेजारपाजारचे म्हणायचे, "अक्कानं अंग धरलं." त्या कौतुकावर आणखी काही घरांतून त्या गाळ्यावर माणसं गेली. बांगडी नुसती घासली तरी मनगटावर काळंनिळं उठायचं, रात्री तहान लागायची. त्याचा संबंध पुडीशी लावायचं घरात कुणाच्या मनात आलं नाही, कारण पुडीनं तर गुण दिला होता.

दिवाळीनंतर गाळ्याला कुलूप, फोन बंद. पांढऱ्या पुड्या संपल्या आणि थोड्याच दिवसांत आई अंथरुणावरून उठेना. उलट्या, गळून गेल्यासारखं अंग, रक्तदाब खाली. परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आधी तिचा चेहरा बघितला. "आजी, खरं सांगा, पुड्या कुणाच्या खात होता?"

सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच, साखर वाढलेली. कॉर्टिसॉल हे संप्रेरक आपल्या मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथी रोज तयार करतात. बाहेरून स्टेरॉइड, म्हणजे त्याच जातीचं औषध, काही आठवडे रोज पोटात गेलं की त्या ग्रंथी काम थांबवतात. मग बाहेरचं अचानक तोडलं तर शरीराजवळ स्वतःचंही काही उरत नाही आणि जीव धोक्यात येतो. 1948 मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रुग्ण बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि जिला चालणं मुश्कील होतं ती काही दिवसांत हिंडू लागली. त्या संशोधनाला 1950 चं नोबेल मिळालं. आमच्या बाजारात तोच चमत्कार भस्म म्हणून विकला जात होता.

आईला सलाइन, हायड्रोकॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि घरी सोडताना प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लिहिल्या, म्हणजे स्टेरॉइडच. फरक एवढाच की आता किती मिलिग्रॅम ते कागदावर होतं आणि ते महिनोन्महिने, टप्प्याटप्प्यानं उतरवायचं होतं. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू.

कुणी याला आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी असं वळण देऊ नये. नांदेडच्या एका पदवीधर वैद्यांना मी हे सांगितलं तर तेच जास्त भडकले. म्हणाले, "सिंहनाद गुग्गुळ देतो आम्ही आमवातात. दोन दिवसांत सूज उतरली असं आमचा एकही पेशंट म्हणत नाही. आणि मोत्याचं भस्म कडू लागत नसतं." उलट खेड्यापाड्यात 'ताकदीचं इंजेक्शन' म्हणून डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, टोचणारे बोगस डॉक्टर कमी आहेत का? ते तर कुठल्या झाडपाल्याचं नावही घेत नाहीत.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली. घरात उरल्या होत्या त्या सगळ्या तपकिरी पुड्या, आणि माल होता पांढऱ्यात. त्यामुळं पुडीचा प्रयोगशाळेचा कागद माझ्याजवळ नाही, आईच्या रक्ताचा आहे. कायदा आहे. नोंदणी नसताना वैद्यकी करणं 1961 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं गुन्हा आहे. मधुमेह, संधिवात बरा करतो अशी औषधाची जाहिरात 1954 च्या केंद्राच्या कायद्यानं बंद आहे. पण स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवणाऱ्या वैद्याला उत्पादनाचा परवाना लागत नाही, ही सवलत आहे, आणि असले लोक नेमके तिच्याच आडोशाला बसतात. म्हणून आधी नोंदणी क्रमांक विचारा. आयुर्वेदाच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. तयार डबी असेल तर तिच्यावर परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापलेले पाहिजेत.

आमच्या गल्लीतल्या एका काकू अजून त्याच पांढऱ्या पुड्या घेत होत्या. "सोडलं की दुखायलंय, कसं सोडू?" म्हणाल्या. मी त्यांना सोडा म्हटलं नाही. पुडीसकट डॉक्टरांकडे नेलं, कारण एकदम सोडल्यानं काय होतं ते घरात बघितलं होतं. त्यांना आता मोजून कमी होत जाणारी मात्रा लिहून दिली आहे, आणि न उघडलेल्या दोन पांढऱ्या पुड्या औषध निरीक्षकांसाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत.