चार्ल्स्टन की सव्हाना? एकच जमणार असेल तर

अटलांटा किंवा शार्लटकडच्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले, की लाँग वीकेंडसाठी ही दोन नावं निघतातच. साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन आणि जॉर्जियातलं सव्हाना. दोन्ही जुनी बंदरं, दोन्हीकडे ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस आणि मधलं अंतर गाडीने दोनेक तासांचं. फोटोंत फारसा फरक दिसत नाही. तो पायांना कळतो.

१७३३ मध्ये जेम्स ओगलथॉर्पने सव्हाना वसवलं, ते चौकांभोवती घरं अशा आखणीने. २४ पैकी २२ चौक आजही शाबूत आहेत, म्हणजे थोडं चाललं की पुन्हा सावली आणि बाक. सोबत गुडघेदुखीवालं कुणी असेल तर निर्णय इथेच झाला म्हणा. जुन्या भागात 'डॉट' ही फुकट बस फिरते, नदीतली फेरीबोटही फुकट. जपायचं ते रिव्हर स्ट्रीटवर: उतरायच्या दगडी पायऱ्या फार उभ्या आहेत आणि खालच्या रस्त्यावर ओबडधोबड दगड, जे एकेकाळी जहाजांचा तोल राखायला भरून आणलेले. तरी जाच. कापसाच्या जुन्या वखारींसमोरून कंटेनरांनी लादलेलं अजस्र जहाज इतक्या जवळून सरकतं, की क्षणभर पलीकडचा काठच दिसेनासा होतो.

चार्ल्स्टन मात्र वेळ मागतं. रेनबो रोची रंगीत घरं अर्ध्या तासात बघून होतात (आणि खरं सांगायचं तर तेवढाच वेळ देण्यासारखी आहेत). बंदरातल्या फोर्ट सम्टरला फक्त बोटीनेच जाता येतं, त्यात अर्धा दिवस जातो. १२ एप्रिल १८६१ रोजी याच किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गॅड्सडेन्स वॉर्फ. आफ्रिकेतून आणलेल्या हजारो गुलामांनी या धक्क्यावर पहिलं पाऊल ठेवलं. तिथे २०२३ मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. या शहराची श्रीमंती भातावर उभी राहिली आणि तो पिकवला गुलामांनी. भरती-ओहोटीच्या जोरावर बांध आणि झडपांनी पाणी खेळवणारी ती शेती कोकणातली खाजणं पाहिलेल्या माणसाला चटकन समजेल. सव्हानातही गुलामगिरीच्या खुणा आहेत, ओवेन्स-थॉमस हाउसमध्ये गुलामांच्या राहायच्या खोल्या दाखवतात. पण समुद्रमार्गे झालेल्या त्या व्यापाराचा आवाका चार्ल्स्टनलाच कळतो.

म्हणून माझं मत असं: इतिहासाची ओढ असेल आणि चालायची तयारी असेल तर चार्ल्स्टन, आई-बाबा, लहान मुलं आणि निवांतपणा हवा असेल तर सव्हाना. समुद्रात पाय बुडवायचे असतील तर टायबी बेट तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास.

शाकाहाऱ्यांनी दोन्हीकडे विचारूनच मागवावं. कोलार्ड ग्रीन्स दिसायला साधी पालेभाजी, पण बहुतेकदा डुकराच्या मांसासोबत शिजवलेली असते. रेड राइस म्हणजे लाल तांदूळ नव्हे, टोमॅटोत शिजवलेला भात; त्यातही बेकन किंवा सॉसेज असू शकतं.

मार्च-एप्रिलमध्ये अझेलिया फुललेल्या असतात, हवाही बरी असते. फक्त १७ मार्चच्या आसपास सव्हाना टाळा. सेंट पॅट्रिक्स डेला शहर तुडुंब भरतं आणि हॉटेलांचे भाव चढतात. चार्ल्स्टनला निघण्याआधी भरतीच्या वेळा बघा, मोठ्या भरतीला तिथल्या सखल रस्त्यांवर पाणी येतं.