मुलावर अमली पदार्थ सेवनाची केस: दंड भरून मोकळं व्हावं की उपचाराचा रस्ता धरावा?

मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या व्हरांड्यात आईबाप पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला: "वकीलसाहेब, आजच्या आज संपेल ना?" अडचण अशी की बऱ्याचदा संपतं. गांजा ओढताना किंवा खिशात एमडीची (मेफेड्रोन या अमली पदार्थाची) पुडी घेऊन पोरगा सापडला, की चार्जशीट आल्यावर गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, पावती घ्यायची आणि घर गाठायचं. दुसरा रस्ता लांबचा आहे. कोर्टाला सांगायचं की मुलाला व्यसन लागलंय, तो स्वतःहून उपचार घेतोय, त्याच्यावर खटला चालवू नका. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ मध्ये ही सोय 1989 पासून आहे. 2001 च्या दुरुस्तीने ती सैल झाली. तरी हा अर्ज करणारे थोडेच.

कोणता रस्ता धरायचा हे ठरवण्याआधी एफआयआर हातात घ्या आणि कलमं वाचा. नुसतं सेवन असेल तर कलम 27. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजा-चरससारख्या बाकीच्यांसाठी सहा महिने किंवा 10 हजार किंवा दोन्ही. माल सापडला असेल तर वजन बघा. 64-अ फक्त सेवनाला आणि 'अल्प प्रमाणा'लाच लागू आहे. म्हणजे गांजा एक किलोपर्यंत, चरस 100 ग्रॅम, हेरॉइन 5 ग्रॅम, कोकेन आणि एमडी प्रत्येकी 2 ग्रॅम. इथे एक खाच आहे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग प्रकरणात सांगितलं की वजन पूर्ण मिश्रणाचं धरायचं, त्यातल्या शुद्ध अमली पदार्थाचं नव्हे. ब्राऊन शुगरच्या पुड्यांत भेसळच जास्त असते. सहा ग्रॅम भरली की 64-अ चं दार बंद, मग त्यात हेरॉइन चिमूटभर का असेना.

जामिनाचं थोडक्यात सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये एनडीपीएसचे सगळे गुन्हे अजामीनपात्र ठरवले, त्यामुळे जामीन पोलिस ठाण्यात होईल या आशेवर राहू नका. कोर्टातून मात्र अल्प प्रमाणात तो सहसा लवकर होतो, कारण कलम 37 च्या कडक अटी इथे लागत नाहीत.

आता दोन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवू.

वेळेत दंडाचा रस्ता सरळ जिंकतो. अशा केसेस संक्षिप्त पद्धतीने चालवता येतात, आणि कबुली दिली की एक-दोन तारखांत विषय संपतो. 64-अ मध्ये तारखा पडतात. रुग्णालयाचा अहवाल मागवला जातो, सरकारी वकील 'से' म्हणजे लेखी म्हणणं द्यायला वेळ घेतात, आणि अर्ज नेमका कोणत्या टप्प्यावर करायचा यावरच वाद होतो. कलमातला शब्द 'आरोप असलेला व्यसनी' असा आहे. कोणी म्हणतं, आधी आरोप निश्चित होऊ द्या. मी चार्जशीट आल्याबरोबर अर्ज टाकतो आणि उपचार त्याच्याही आधी सुरू करायला लावतो. किती लांबू शकतं याचा अंदाज हवा असेल तर 2001 मधलं एका हिंदी अभिनेत्याचं कोकेन प्रकरण आठवा. त्याला मुंबईच्या विशेष न्यायालयाने 64-अ खाली मोकळं केलं ते 2012 मध्ये. तेवढ्या काळात केस प्रलंबितच राहते, आणि पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते.

नोंदीचा हिशेब उलटा आहे. आईबापांना नेमका हाच दिसत नाही. दंड ही शिक्षाच आहे. पाचशेचा असो की दहा हजारांचा, पावतीमागे दोषसिद्धी आहे. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात 'कधी शिक्षा झाली आहे का' हा रकाना असतो, आणि तिथे 'नाही' लिहिणं हा दुसरा गुन्हा. अमेरिकेच्या व्हिसाला तर अमली पदार्थाच्या गुन्ह्यातली शिक्षा आड येते, भारतातली असली तरी. पुण्यातल्या एका बापाने कोर्टातून बाहेर पडताना मला पेढा दिला होता. दोन वर्षांनी एमएसचं ॲडमिशन लेटर घेऊन तोच परत आला. पेढ्याची आठवण दोघांनीही काढली नाही.

64-अ यशस्वी झालं तर शिक्षाच नाही, त्यामुळे तो रकाना कोरा राहतो. पण हेही कानावर घालतो की 'व्यसनी' हा शिक्का कोर्टाच्या कागदावर येतो, आणि इमिग्रेशनच्या वैद्यकीय तपासणीत व्यसनालाही वेगळी हरकत आहे. तिथे निदान बऱ्या झालेल्या माणसाला पुढे वाट असते.

मधला एक रस्ता कलम 39 चा. बरेच लोक, आणि काही वकीलसुद्धा, तो आणि 64-अ एकच समजतात. 39 मध्ये माणूस आधी दोषी ठरतो. मग वय, पूर्वेतिहास, प्रकृती बघून, त्याच्या संमतीने, कोर्ट त्याला तुरुंगात न धाडता बाँडवर उपचाराला पाठवू शकतं. एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल द्यायचा. तो समाधानकारक असेल तर समज देऊन सोडतात, पुन्हा जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बाँडवर. तुरुंग टळतो, दोषी ठरल्याची नोंद टळत नाही. 64-अ हुकलं तर हा आधार म्हणून ठेवावा, सुरुवात इथून करू नये.

उपचार अर्धवट राहिले तर काय, हा खरा कळीचा मुद्दा. कायदा म्हणतो, पूर्ण उपचार घेतले नाहीत तर दिलेलं संरक्षण काढून घेता येईल. नीट वाचा: पुन्हा एकदा घेतली तर काढू असं तिथे लिहिलेलं नाही, उपचार पूर्ण केले नाहीत तर काढू असं लिहिलंय. घसरण हा या आजाराचाच भाग आहे हे डॉक्टर सांगतातच. घसरून परत वॉर्डात गेलेल्या मुलाची बाजू मांडता येते. पळून आलेल्याची मांडणं जड जातं. एका केसमध्ये नवव्या दिवशी आईला फोनवर रडणं ऐकवेना. बापाने जाऊन सही केली आणि मुलाला घरी आणलं. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी पेनाने चार इंग्रजी अक्षरं होती: 'DAMA' (डामा), म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज. सरकारी वकिलांनी कार्ड उलटंसुलटं केलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि काही न बोलता कोर्टापुढे सरकवलं.

अमेरिकेत मायामीत 1989 मध्ये पहिलं ड्रग कोर्ट सुरू झालं. तिथे न्यायाधीश स्वतः दर थोड्या दिवसांनी त्या माणसाला समोर बोलावतो, लघवीच्या तपासणीचा निकाल बघतो, चुकला तर दटावतो, टिकला तर सगळ्यांसमोर शाबासकी देतो. आपल्या 64-अ मध्ये असलं काही नाही. कोर्ट कागद बघतं, माणसाला फारसं नाही. म्हणून ती देखरेख घरालाच करावी लागते, आणि घरात ती ताकद आहे का हे मी फी ठरवण्याआधी विचारतो.

खर्चाची भीती मात्र थोडी अनाठायी आहे. कायद्याला रुग्णालय किंवा संस्था सरकारची, स्थानिक संस्थेची किंवा सरकारमान्य हवी. महापालिकेच्या वा सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग चालतो. येरवड्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्राचं नाव मराठी घरांत माहीत असतंच, पण कुठलंही केंद्र असो, मान्यतेचं पत्र आधी मागून घ्या. 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जवळचं केंद्र कळतं. फार्महाऊसवरच्या चकचकीत 'रिहॅब'मध्ये लाखभर रुपये घालून मान्यताच नसेल तर अर्जाला काही अर्थ राहत नाही. आणि मुलाला गाडीत कोंबून दाखल करू नका. कलमात 'स्वेच्छेने' हा शब्द आहे, आणि न्यायाधीश मुलालाच विचारतात, "तू आपणहून गेलास का?" तेव्हा तो बापाकडे बघायला लागला की आम्ही खाली बघतो.

मग मी दंड भरा असं कधी सांगतो का? सांगतो. मुलगा खरोखर व्यसनी नसेल, मित्रांच्या नादाने पहिल्यांदा ओढली असेल, तर 64-अ त्याच्यासाठी नाहीच. कायद्यात व्यसनी म्हणजे ज्याला पदार्थाचं अवलंबित्व आहे तो, आणि तसं खोटं प्रमाणपत्र आणून द्या असं मी कुणाला सांगणार नाही. मात्र कबुलीआधी तिथेही दोन गोष्टी तपासतो: त्याच्या अंगावर खरंच काही सापडलं का, आणि सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, काय म्हणतो. त्यात काही नसेल तर केस लढायची. लढण्यासारखं काही नसेल, तर कलम 27 ला परिवीक्षेचा (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा) कायदा लागू होतो, तो अर्ज दंडाच्या आधी करून बघायचा.

बाकीच्यांना मी एक प्लॅस्टिकची फाइल घ्यायला सांगतो. केसपेपर, दाखल झाल्याची तारीख, लघवीच्या तपासण्या, समुपदेशनाच्या हजेऱ्या, आणि शेवटी 'उपचार पूर्ण' असं डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं पत्र. झेरॉक्स तीन: एक कोर्टाला, एक सरकारी वकिलांना, एक माझ्याकडे. मूळ कागद आईकडे.