डकडकगो वापरून पाहिलं: पाळत ठेवत नाही, पण वरचा नंबर कोणाचा?

हिवाळी अधिवेशन नागपुरात आलं का वेगळ्या विदर्भाचा विषय हमखास निघते अन् जो तो फोन काढून आपल्याच बाजूची लिंक दाखवते, म्हणून डकडकगो या सर्च इंजिनच्या टेस्टिंगसाठी मी हाच विषय घेतला.

पहिले चांगलं सांगतो. 2008 चं हे सर्च इंजिन, फुकट, हिस्टरी साठवत नाही, त्यामुळे माझ्या अन् कट्टर विदर्भवादी काकांच्या फोनवर जवळपास सेम रिझल्ट आले. गूगलनं डिसेंबर 2009 पासून लॉगिन नसलेल्यांनाही पर्सनलाइज्ड रिझल्ट सुरू केले होते, ती भानगड इथं नाही.

पण ट्रॅकिंग गेलं म्हणजे एकतर्फीपणा गेला असं नाही ना भाऊ! रिझल्टचा मोठा भाग मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्च इंजिनकडून येते, अन् वर काय ठेवायचं ते कोणीतरी ठरवतेच. शिवाय "विदर्भाचे फायदे" टाकलं का फायदेच येतात, हे कोणत्याही इंजिनवर.

मग हा एकतर्फीपणा मोजायचा कसा? संशोधक खालच्या रिझल्टला कमी वजन देतात, कारण खाली कोण जाते? पहिल्याला 1, दुसऱ्याला 0.63, तिसऱ्याला 0.5, दहाव्याला जेमतेम 0.29. पाच बाजूनं, पाच विरोधात, ऐकायला एकदम बरोबरी, पण एकाच बाजूचे पाचही वर बसले तर हिशोब होते 2.95 विरुद्ध 1.60! खरी डोकेदुखी लेबल लावायची, म्हणजे लिंक बाजूची असली तर प्लस, विरोधातली असली तर मायनस. 1953 चा नागपूर करार घ्या, म्हणजे मराठी राज्यात येताना विदर्भाला दिलेली आश्वासनं, एक म्हणते पाळलाच नाही म्हणून वेगळं राज्य द्या, दुसरा म्हणते पाळा की, वेगळं कायले पाहिजे. त्या लिंकला प्लस द्यायचं का मायनस? मी शून्य देतो, काका भांडतात.

हे फालतू नाही बरं. 2015 च्या एका अभ्यासात, ज्यात 2014 च्या लोकसभेवेळचे आपले मतदारही होते, सर्च रिझल्टचा नुसता क्रम फिरवून कुंपणावरच्या मतदारांचा कल 20 टक्के किंवा जास्त हलला. 2017 मध्ये त्याच संशोधकांना दिसलं का रिझल्ट एकतर्फी आहेत अशी वॉर्निंग दाखवून परिणाम कमी होते, पण पूर्ण जाते ते दोन्ही बाजूंचे रिझल्ट आलटून पालटून लावल्यावरच. असं बटण मला कुठंच दिसलं नाही, इथंही नाही.

साडेतीन स्टार. दोन प्रायव्हसीचे, एक स्पीडचा, अर्धा इंडिया रिजनच्या स्विचचा, तो चालू करायला विसरू नका.