बटणाची किल्ली घ्यावी की कीलेस?

गाडी ठरली, रंगही ठरला, घोडं अडलंय ते मॉडेलवर. खालच्या मॉडेलला बटण दाबून उघडायची रिमोटची किल्ली. वरच्याला कीलेस: किल्ली खिशातच राहते, हँडलला हात लावला की दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन सुरू. शोरूममध्ये सोय दाखवतात आणि ती खरीही आहे. दोन्ही हातांत सामान आणि खांद्यावर झोपलेलं मूल असलं की कीलेसचं मोल कळतं. पण चोरीचा विचार केला तर माझं मत उलट आहे. का, ते कळायला किल्ली उघडून बघावी लागते.

मी ती एकदा खरोखरच उघडली. रिमोटचं कव्हर तडकलं होतं. नवं आणलं, आतलं सर्किट आणि नाण्यासारखा सेल त्यात बसवला, दारं झकास उघडली. इंजिन मात्र सुरू व्हायचं आणि दुसऱ्याच क्षणी बंद पडायचं. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत होतं. तासभर डोकं खाजवल्यावर जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात बसलेला एक काळा तुकडा दिसला, शेंगदाण्याच्या पाकळीएवढा. त्याला ना वायर, ना सेल. तो नव्या कव्हरात टाकला आणि गाडी चालू!

तो तुकडा म्हणजे इमोबिलायझरची, खरी किल्ली नसेल तर इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची, चिप. किल्लीच्या खाचेभोवती तारेचं वेटोळं असतं. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते, साधारण १२५ किलोहर्ट्झवर. गाडी एक आकडा फेकते, चिप तो आपल्या गुप्त आकड्याशी घोळून उत्तर देते. उत्तर जुळलं तरच इंजिनाला परवानगी. हा सगळा संवाद काही सेंटीमीटरच्या आत होतो. दार उघडणारं रिमोट हे निराळं यंत्र, ते बहुधा ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर चालतं. दोघं फक्त एका कव्हरात राहतात.

आता बटणाची किल्ली. प्रत्येक वेळी दाबलं की ती नवा कोड पाठवते. आत एक मोजणी असते, दर दाबाला ती पुढे सरकते. गाडीकडेही तीच मोजणी असते, त्यामुळे काल हवेतून पकडलेला कोड आज चालत नाही. घरातल्या लहानग्याने सोफ्यावर बसून दहा-बारा वेळा बटण दाबलं तरी काही बिघडत नाही, कारण गाडी पुढचे काही कोड मान्य करते. कीलॉक या एके काळी सर्रास वापरल्या गेलेल्या पद्धतीत ही सूट १६ कोडची होती. त्यापुढे गेलात तर लागोपाठ दोनदा दाबून पुन्हा जुळवून घ्यावं लागे.

यातही भोकं आहेत. २०१५ मध्ये सॅमी कामकर या हॅकरने रोलजॅम नावाचं छोटं यंत्र दाखवलं. तुम्ही बटण दाबलं की ते सिग्नल दाबून टाकतं आणि कोड स्वतःकडे ठेवतं. दार उघडलं नाही म्हणून तुम्ही पुन्हा दाबता, तेव्हा ते पहिला कोड गाडीला देतं आणि दुसरा, न वापरलेला, खिशात घालतं. चलाखी खरी, पण त्याने फक्त दार उघडतं. इंजिनासाठी तो काळा तुकडा लागतोच. रोजच्या जगण्यात याहून साधी गोष्ट जास्त नडते: कोणीतरी सिग्नल जॅम करतं, आपण मागे न बघता बटण दाबून चालू लागतो आणि गाडी उघडीच राहते. म्हणून लॉकचा ‘खट्’ कानांनी ऐकल्याशिवाय हलायचं नाही.

चिपही अभेद्य नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची ४० बिटची (म्हणजे तेवढ्या लांबीच्या गुप्त आकड्याची) पद्धत २००५ मध्ये फोडली गेली, हिटॅग२ ही दुसरी पद्धत २०१२ मध्ये. मेगामॉस या आणखी एका पद्धतीवरचा शोधनिबंध २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने अडवला, तो २०१५ मध्ये छापून आला. सगळ्यात खेदाची गोष्ट म्हणजे २००५ मध्ये फुटलेली तीच ४० बिटची पद्धत २०१८ मध्ये टेस्ला मॉडेल एसच्या किल्लीत सापडली, आणि बेल्जियमच्या संशोधकांनी काही सेकंदांत तिची नक्कल करून दाखवली. महागडी गाडी म्हणजे महागडं कुलूप, असं धरून चालू नका.

आता कीलेस. इथे संवाद कोण सुरू करतं, हेच बदलतं. बटणाच्या किल्लीत तुमचं बोट सुरुवात करतं. कीलेसमध्ये हँडलला हात लागताच गाडीच हाक मारते: किल्ली आहेस का जवळ? ही हाक कमी फ्रीक्वेन्सीवर असते आणि एक-दोन मीटरच्या पलीकडे पोचत नाही. किल्लीने ओ दिली, म्हणजे ती जवळच असणार, असा गाडीचा हिशोब. अंतर कोणी मोजत नाही, नुसतं गृहीत धरतात.

चोरी नेमकी या गृहीतकावर होते. दोन माणसं लागतात. एक गाडीपाशी, दुसरा मोठी अँटेना घेऊन तुमच्या घराच्या दाराबाहेर. पहिला गाडीची हाक पकडून दुसऱ्याकडे पाठवतो. दुसरा ती दारामागच्या खुंटीवर टांगलेल्या किल्लीला ऐकवतो, आणि किल्लीचं उत्तर गाडीपर्यंत पोचतं. कोड फोडलेला नसतो, त्यामुळे तो १२८ बिटचा असला तरी फरक पडत नाही. निरोप्याला पत्र वाचावं लागत नाही, पोचवलं की झालं. २०११ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर हे करून पाहिलं, दहाही उघडली. आणि एकदा सुरू झालेलं इंजिन किल्ली दूर गेली म्हणून बंद पडत नाही, फक्त इशारा देतं. ते बरोबरच आहे, भर रस्त्यात गाडी बंद पडणं जास्त धोक्याचं. पण चोराला तेवढंच पुरतं.

यावर दोन उपाय निघाले आहेत, आणि वरचं मॉडेल घेताना हेच विचारायचं. पहिला, हालचालीचा सेन्सर: किल्ली काही वेळ निश्चल पडली की झोपते, हाकेला ओ देत नाही. सेल्समनला माहीत नसेल तर तिथेच करून बघा. किल्ली गाडीशेजारी स्टुलावर ठेवा, पंधरा मिनिटं कोणी हात लावू नका, मग हँडल ओढा. दार उघडलं तर किल्ली झोपलेली नाही. मात्र खिशात चालती-फिरती किल्ली या सेन्सरने वाचत नाही.

दुसरा उपाय मला खरा वाटतो: अल्ट्रा वाइडबँड. यात सिग्नल जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते, त्यामुळे मधे निरोप्या आला की वेळ वाढतो आणि चोरी पकडली जाते. निरोप्याला वेळ वाढवता येतो, कमी करता येत नाही. फोनच किल्ली व्हावा म्हणून २०२१ मध्ये आलेल्या डिजिटल की ३.० या मानकात हेच तंत्र ब्लूटूथच्या जोडीला आहे. ‘फोनने उघडते’ एवढ्यावर मात्र भाळू नका. नुसत्या ब्लूटूथवर चालणारी टेस्ला मॉडेल ३ ची फोन-किल्ली २०२२ मध्ये अशाच निरोप्याने फसवून दाखवली गेली.

आता माझ्याच मताविरुद्धची गोष्ट. अमेरिकेत किया आणि ह्युंदाईच्या २०११ ते २०२१ मधल्या अनेक गाड्यांत साध्या किल्लीच्या मॉडेलला इमोबिलायझरच नव्हता. पोरं कव्हर उचकटून यूएसबी केबलच्या टोकाने खाच फिरवायची आणि गाडी घेऊन पसार व्हायची. पुश-बटणवाल्या महाग मॉडेलला तो होता. म्हणजे स्वस्त किल्ली आपोआप सुरक्षित नसते. सुरक्षित ठरते ती चिप असलेली बटणाची किल्ली.

शिवाय काही चोर किल्लीच्या वाटेला जातच नाहीत. २०२२ मध्ये एका टोयोटा रॅव्ह४ चा बंपर ओढून, हेडलाइटच्या वायरीतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात खोटे संदेश घातले गेले. तिथे तुमची किल्ली कुठलीही असो, उपयोग शून्य. त्यासाठी स्टिअरिंगला लावायचं लोखंडी कुलूप, किंवा चालवण्याआधी पिन मागणारी गाडी.

तेव्हा माझा कौल असा: वरच्या मॉडेलमध्ये अल्ट्रा वाइडबँड असेल तर ते खुशाल घ्या. फक्त हालचालीचा सेन्सर असेल तर गाडी रात्री कुठे उभी राहते ते बघून ठरवा. बंद गॅरेज असेल तर चालेल, रस्त्यावर असेल तर मी घेणार नाही. दोन्ही नसेल तर चिपवाली बटणाची किल्ली बरी. बाकीची साधनं आवडली म्हणून वरचंच मॉडेल हवं असेल, तर कीलेस बंद करता येतं का ते मॅन्युअलमध्ये शोधा, काही गाड्यांत मेनूतून होतं. नाहीतर सिग्नल अडवणारं पाऊच आणा, त्यात किल्ली टाकून गाडीच्या दाराशी उभे राहा आणि हँडल ओढून बघा. कडेची शिवण उसवलेलं पाऊच म्हणजे नुसती पिशवी. आणि ही सगळी काळजी कपाटात पडलेल्या दुसऱ्या किल्लीचीही घ्या, कारण गाडीच्या हाकेला तीही तितक्याच तत्परतेने ओ देते.